वैशालीचा सोलो अल्बम आणि कौसाबाईची हाक

मंडप-साउंडच्या धंद्यात वायरी कितीही नीट गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी पेटी उघडली की गुंता झालेलाच असतो. कोण करतं, देव जाणे! किश्श्यांचंही तसंच आहे. आपण काही ते जमवायला जात नाही. पण चहा घेता घेता एक ओढला की त्याला अडकून चार बाहेर येतात.

शिरड शहापूरला आमचं दुकान आहे. दुकानात माणसं तीन. मी मालक, म्हणजे ज्याला सगळे बोलतात तो. जावेदभाई फुटलेले स्पीकर दुरुस्त करतात. आणि वैशाली मिक्सरवर बसते. लग्नात मिक्सरवर पोरगी बघून वऱ्हाडी आधी दचकतात आणि मग तिच्याकडंच फर्माइशी घेऊन जातात.

या वैशालीनं गेल्या वर्षी लॅपटॉपवर स्वतःचा अल्बम करायला घेतला. इलेक्ट्रॉनिक म्युझिक! गाणारं कोणी नाही, वाजवणारं कोणी नाही, सगळं एकटीनं. आमच्याकडचे पुढचे सगळे किस्से त्या अल्बमचेच आहेत.

मी पहिल्याच दिवशी विचारलं, "सोलो म्हणजे नेमकं काय गं?"

ती तोंड उघडायच्या आत जावेदभाई सोल्डरिंगवरून मान वर न करता म्हणाले, "सोलो म्हंजे दत्ताभाऊ, बिघडलं तर दुसऱ्यावर ढकलता येत न्हाई!"

*

तिला आवाज लागायचे. कसले? तर कडबा कापायच्या मशीनचे, पत्र्यावरून ओढलेल्या साखळीचे, एसटीच्या दाराचे. एकदा म्हणाली, "काका, मला हळद पॉलिश करायचा ड्रम पाहिजे."

"ड्रम घेऊन काय करतीस?"

"ड्रम नको, ड्रमचा आवाज."

हळद उकडून वाळवली की ती लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात. आतला खडखडाट गावाबाहेर ऐकू जातो. हट्टा गावात माझ्या ओळखीचे एक शेतकरी होते. त्यांना फोन केला की आमच्या दुकानातली मुलगी येतेय, रेकॉर्डिंग करायचंय, जरा सहकार्य करा.

आम्ही पोचलो तर शेतावर शांतता. अंगण झाडलेलं, खुर्च्या मांडलेल्या, कुत्रं बांधलेलं. बायामाणसं एकमेकांना डोळ्यांनी दटावून गप्प बसलेली. आणि ड्रम बंद!

वैशालीनं विचारलं, "दादा, ड्रम काहून बंद हाय?"

त्या भल्या माणसानं छातीवर हात ठेवला. "ताई, सकाळपासून बंद ठेवलाय. तुमाला रेकॉर्डिंग करायचंय म्हनले दत्ताभाऊ. आता बिनधास्त करा, टाचणी पडल्याचाबी आवाज व्हनार न्हाई!"

त्यांना नाही म्हणायची तिला लाज वाटली. तिनं माइक लावला आणि ती शांतता रेकॉर्ड केली. मग चहा झाला, मग खरं काय ते सांगितलं, मग ड्रम सुरू झाला आणि माणसं पोट धरून हसली. अल्बममधला दुसरा ट्रॅक ऐका. सुरुवातीला नुसती शांतता आहे, त्यात एक म्हातारी हळूच खोकते, आणि मग धडधड सुरू होते. हट्ट्याचे लोक आता पाहुण्यांना सांगतात, "ती शांतता आमची हाय!"

*

एका लग्नात जेवणाच्या पंगती चालल्या होत्या. वैशालीनं फर्माइशींच्या मधे गुपचूप आपला एक ट्रॅक लावून बघितला. त्यात जुन्या रेडिओची खरखर होती. तिनं ती कुठून कुठून गोळा करून, घासूनपुसून, ताल धरून बसवली होती.

अर्ध्या मिनिटात जावेदभाई हातातलं ताट टाकून पळाले. डाव्या बाजूचा स्पीकरचा बॉक्स उघडला, वायर काढली, दुसरी लावली. खरखर चालूच! मग उजव्या बाजूचा उघडला. तिकडंही तेच. वधूपिता येऊन उभे राहिले. घामाघूम झालेले जावेदभाई वैशालीवर ओरडले, "बंद कर पहिले! लाइन जळून जाईल!"

"जावेदभाई, बॉक्स बराबर हाय. ती खरखर गाण्यातली हाय. मीच घातली."

जावेदभाई तसेच खाली बसले. एका हातात पक्कड, दुसऱ्या हाताला वरणभात. म्हणाले, "सारी जिंदगी मी ज्याला बाहेर काढून राहिलो, ते तू मेहनत करून आत घालून राहिली!"

पण दुसऱ्या दिवशी फुटक्या पडद्याचा एक स्पीकर तिच्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाले, "ह्याची खरखर ऐक. त्याच्याहून चांगली हाय."

*

फोटोचा किस्सा तर विचारूच नका. अल्बमला कव्हर पाहिजे. आमच्या शेजारी फोटो स्टुडिओ आहे, तिथं गेलो.

फोटोग्राफरनं विचारलं, "वाद्य कोनतं?"

"लॅपटॉप."

"आसं कसं? एखादी पेटी, तबला तरी धरा."

वैशाली ऐकेना. शेवटी लॅपटॉप मांडीवर घेऊन, हेडफोन लावून, सरळ कॅमेऱ्यात बघत तिचा फोटो निघाला. खाली तिचं नाव, 'लवकरच येत आहे', आणि दुकानाचा फोन नंबर. पोस्टर आम्ही दारावर लावलं. फोटो छान आला होता, खोटं कशाला बोलू!

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. मी वैशालीला म्हणालो, बघ, लोकांना किती उत्सुकता आहे. फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडून बाई बोलल्या, "टायपिंगची बॅच कवा सुरू व्हनार? आमच्या पोरीचं नाव लिहून ठेवा."

*

हे सगळं हसण्यावारी गेलं. पण एका गोष्टीवर अल्बम खरोखर अडला.

वैशालीची आई कौसाबाई शेळ्या राखते. दुकानामागच्या आळीतच घर आहे. संध्याकाळी शेळ्या बांधावर रेंगाळल्या की ती अशी हाक मारते की आमचं शटर थरथरतं. "येऽऽ लालेऽऽ, ये ये येऽऽ!" लाली म्हणजे तिची एका शिंगाची शेळी, कळपाची पुढारी. वैशालीनं ती हाक फोनमध्ये रेकॉर्ड केली आणि शेवटचा ट्रॅक सगळा त्या हाकेवर उभा केला. मला त्यातलं काही कळत नाही, पण तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे खरं.

एके दिवशी कौसाबाई डबा द्यायला आली आणि नेमका तोच ट्रॅक चालू होता. उंबऱ्यातच थांबली.

"ही कोन बाई वरडून राहिली?"

"आई, तू हायेस."

"मी आशी वरडती?"

कौसाबाईनं डबा टेबलावर आपटला. "काढ ते. आख्ख्या दुनियेला काय ऐकवायचं, कौसाबाई वरडायली म्हनून? बाया नावं ठेवतील. काढ म्हंजे काढ!"

तुम्हाला वाटेल, त्यात काय, दुसऱ्या कोणाची हाक घालायची. घातली की! आधी मी हाक मारली. वैशाली म्हणाली, "काका, तुमी शेळीला विनंती करायलात." मग जावेदभाईंनी घसा साफ करून हाक मारली. ती ऐकून समोरच्या घरातल्या वहिनी जुन्या बादल्या घेऊन बाहेर आल्या. त्यांना वाटलं, भंगारवाला आला!

वैशालीनं लॅपटॉप मिटला. "आईची हाक न्हाई तर अल्बम न्हाई. आन् आई न्हाई म्हनली तर मी तिच्या मनाविरुद्ध टाकनार न्हाई." पुढचे काही दिवस ती लग्नाच्या फर्माइशी तेवढ्या वाजवायची आणि घरी जायची. दुकानात कोणी विनोद केला तरी नुसती मान हलवायची. पोरीचं वर्षाचं काम असं पडलेलं बघून मला फार वाईट वाटलं.

तोड काढली जावेदभाईंनी. ते कौसाबाईला म्हणाले, "आपा, तुमाला बायांचीच तकलीफ हाय ना? मग आळीतल्या बाया बोलवा. एकदा सगळ्यांसमोर ऐका. एकीनं जरी नाव ठेवलं, तर मी सोता पुसून टाकीन."

कौसाबाई म्हणाली, "एकदाच."

*

तर ती संध्याकाळ. दुकानासमोर सतरंजी टाकली. आळीतल्या बाया आल्या, कौसाबाई सगळ्यांच्या मागे, डोक्यावरून पदर ओढून बसली. जावेदभाईंनी आपला सगळ्यात चांगला बॉक्स बाहेर काढून पुसला. वैशाली मिक्सरवर. तिनं एकच वायर तीनदा काढून लावली. लग्नात शेकडो माणसांसमोर न घाबरणारी पोरगी!

ट्रॅक सुरू झाला. आधी हळदीच्या ड्रमची धडधड, मग साखळी, मग सगळं थांबलं आणि बॉक्समधून आलं, "येऽऽ लालेऽऽ, ये ये येऽऽ!"

शेजारच्या रुक्मीणबाईनं झटकन मागं वळून बघितलं. "कौसे, ह्यो तुजाच आवाज गं!"

"माजा न्हाई," कौसाबाई म्हणाली. "मशीनचा हाय."

"आगं, तुजाच हाय. मी काय बहिरी हाय का?"

"मशीनचा हाय म्हनलं ना! माजा आवाज आसा हाय का?"

आणि तेवढ्यात आळीच्या कोपऱ्यावरून लाली आली. दावं तोडून! तिच्यामागं कौसाबाईच्या सगळ्या शेळ्या, त्यांच्यामागं रुक्मीणबाईच्या, त्यांच्यामागं कोणाकोणाची करडं. सतरंजीवर धावपळ, बाया उठून भिंतीला लागल्या. शेळ्या कोणाकडं बघेनात. सरळ बॉक्ससमोर जाऊन उभ्या राहिल्या. लालीनं बॉक्सची जाळी हुंगली आणि माना वर करून सगळ्या ऐकत राहिल्या.

हसून हसून बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुक्मीणबाई म्हणाली, "बघ कौसे, म्हन आता, मशीनचा हाय!"

कौसाबाई हसली नाही. उठली, पदर कमरेला खोचला. शेळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि भर आळीत हाक मारली, "येऽऽ लालेऽऽ!"

सगळ्या शेळ्यांनी माना तिच्याकडं वळवल्या. लाली दोन पावलं आली. तेवढ्यात बॉक्समधून पुन्हा हाक आली, मागे ड्रमची धडधड घेऊन. माना पुन्हा बॉक्सकडं. लाली मधेच थांबली.

वैशालीचा चेहरा उतरला. तिनं ट्रॅक बंद करायला हात पुढं केला.

"हात लावू नको त्याला!" कौसाबाई ओरडली. तिनं घसा साफ केला, बॉक्सच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "आवाज वाढव अजून. बघू दे मला, कुनाचं ऐकतेत त्या!"