बेडकासारखं बसणारं पिल्लू

गुरुजींना कमी दिसायला लागलं, तेव्हा मी त्यांना एक पिल्लू नेऊन दिलं. जर्मन शेफर्डचं, दीड महिन्याचं, बुटांच्या खोक्यात घालून. माझ्या हातून त्यांना मिळालेली ती पहिली वस्तू. घेतलेलं मात्र पुष्कळ होतं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बोदलकसाकडच्या आमच्या गावातून मी गोंदियाजवळच्या गोरेगावला शिकायला आलो, तेव्हा त्यांनी आपल्या पडवीत मला जागा दिली. कॉलेजचा अर्ज त्यांनीच भरला. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या चुलीवरचा भात मी दोन्ही वेळ खाल्ला. आज मी एका हायस्कूलमध्ये शिकवतो, ते त्यांच्यामुळे. म्हणून पिल्लू निवडताना मी सर्वांत चांगलं निवडलं, म्हणजे सर्वांत जाड.

निवडण्याचा हक्क माझाच होता. आमच्याकडे नर ज्याचा, त्याला पिल्लांतलं पहिलं पिल्लू मिळतं. गोंदियाच्या एका राइस मिलवाल्याची मादी होती आणि नर माझा. नोकरी लागल्यावर मी तो आणला होता. गावात सगळे त्याला ‘जर्मन’ म्हणत. त्याची मागे उतरत गेलेली पाठ बघायला लोक मुद्दाम अंगणात येत. बाबा त्याला भात, दूध, अंडी घालत, वर दुकानदाराने सांगितलेली कॅल्शियमची भुकटी. वर्षभरात तो वासराएवढा झाला. तो बसायचा तो मागचे दोन्ही पाय एका बाजूला टाकून, बेडकासारखा. पाहुणे हसले की बाबा सांगत, जातिवंत कुत्रे असेच बसतात. गुरुजींचं पिल्लू तसंच बसू लागलं, तेव्हा मीही त्यांना तेच सांगितलं, आणि अगदी खात्रीने सांगितलं.

गुरुजी एकटेच राहतात. गुरुमाय गेल्या, मुलगा नागपूरला. डोळ्यांना मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं धूसर दिसतं. त्यांनी त्या पिल्लाला पहिलीच्या वर्गासारखं शिकवलं. तोच रस्ता रोज, तीच वळणं, चूक झाली तर परत मागे. आठ महिन्यांत तो त्यांना घरापासून मोठ्या रस्त्यापर्यंत, रस्ता ओलांडून बाजारापर्यंत न्यायला लागला. मी गेलो की ते त्याला फाटकापर्यंत चालवत आणि मला विचारत, “कसा चालते?”

मी म्हणायचो, रुबाबात.

दिवाळीला गेलो, तेव्हा तो पडवीची पायरी चढताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलत होता, सशासारखे. ते मी पाहिलं. गुरुजींना नेहमीचंच उत्तर दिलं. सणाच्या दिवशी कशाला, असं तेव्हा मला वाटलं असावं.

घरचा जर्मन थंडी पडल्यावर बिघडला. सकाळी उठताना पुढचे पाय उभे राहत आणि मागचं धड जमिनीवरच राही. थोडा वेळ तो तसाच अर्धा उभा राहून आमच्याकडे बघायचा. बाबांचं म्हणणं, रानडुकरामागे धावताना मुरगळला असेल. त्यांनी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून पंधरा दिवस चोळलं. सोळाव्या दिवशी तेल लावताना त्याने बाबांचा हात दातांत धरला. चावला नाही, नुसता धरून ठेवला. तेव्हा मी त्याला गोंदियाला नेलं.

डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन एक्स-रे काढला आणि फिल्म खिडकीवर धरली. मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोल वाटीत बसायला हवा. इथे वाटीची ताटली झाली होती आणि गोळा काठावर आला होता. या जातीत हे फार दिसतं, ते म्हणाले. लहानपणी पटापट वजन वाढवलं, कॅल्शियम घातलं, तर आणखी बिघडतं. वजन उतरवा, उड्या बंद करा, गुळगुळीत फरशीवर चालवू नका, दुखण्याच्या गोळ्या देतो. सगळं ते शांतपणे सांगत होते, मी लिहून घेत होतो. मग फिल्म पाकिटात घालता घालता त्यांनी सहज विचारलं, “इसके बच्चे हुए हैं क्या?”

मी म्हटलं, सहा.

“सब में नहीं आता,” ते म्हणाले. “पर आता है. खानदानी चीज है.” आणि ते पुढच्या जनावराकडे वळले.

तीन आठवड्यांपूर्वी मिलवाल्याने मादी दुसऱ्यांदा आणली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रविवारी गोरेगावला गेलो. धानाचे ट्रक रस्त्याला लागले होते, गाडी सांभाळून चालवावी लागत होती. वाटेभर मी वाक्यं जुळवत होतो. गुरुजी पडवीत बसले होते, कुत्रा त्यांच्या पायाशी. माझा आवाज ऐकून तो उठला, दुसऱ्या खेपेला. मी बोलायला सुरुवात करणार, तेवढ्यात गुरुजींनीच त्याचं कौतुक सुरू केलं. आता तो फारच हुशार झाला आहे, सांगितल्यावाचून धोका ओळखतो, चालता चालता मधेच बसतो.

“तो बसला का मी थांबतो,” ते म्हणाले. “त्याले काही दिसलं असन. मांगल्या हप्त्यात मोठ्या रस्त्याच्या मधातच बसला. मी बी उभा राहिलो. एक ट्रक असा अंगाले घासून गेला, अगा. तो बसला नसता, तं मी त्याच्या खाली असतो.”

ते खुशीत हसले. मला हसता आलं नाही. ट्रक त्यांना टाळून गेला होता. कुत्रा रस्त्याच्या मधोमध बसला, तो पाय उचलेना म्हणून. आणि त्याच्यावर भरवसा ठेवून गुरुजी तिथेच उभे राहिले. हे दर आठवड्याला किती वेळा होतं, मी विचारलं. ते म्हणाले, आता रोजच बसतो, जागा मात्र ठरलेली नाही.

मी सगळं सांगितलं. खुबा, वाटी, एक्स-रे, बेडकासारखं बसणं, आणि दिवाळीला पाहिलेल्या सशासारख्या उड्यासुद्धा. याचा एक्स-रे अजून काढलेला नाही, पण लक्षणं तीच आहेत, हेही सांगितलं. सांगताना मी त्यांच्याकडे बघत नव्हतो. त्यांना ते दिसणार नव्हतं, तरीही.

कुत्र्याच्या मागच्या मांडीवर त्यांनी हात ठेवला, दाबला नाही.

“दिवाळीले दिसलं होतं तुले?”

“हो.”

“मंग काऊन नाही सांगतलं?”

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

“मी तुले परीक्षेत गणित चुकलं तं चुकलं म्हणून सांगत होतो,” ते म्हणाले. “तुले का चांगलं वाटत होतं?”

मग त्यांनी बाकीच्या पाच पिल्लांचं विचारलं. ती सगळी कुठे कुठे गेली, मला नीटसं ठाऊक नव्हतं. पुन्हा मादी आणली होती का, हेही विचारलं. ते शिक्षक आहेत, एकही प्रश्न निसटत नाही त्यांच्या हातून. मी हो म्हटल्यावर म्हणाले, इथूनच फोन लाव.

मिलवाला आनंदात होता. मी एक्स-रेचं सांगितलं, तर म्हणाला, अरे सर, डॉक्टर लोग तो बोलते रहते हैं, आपका कुत्ता शेर है. मादी गाभण आहे, पाच घरांनी आधीच सांगून ठेवलं आहे. मी त्या घरांची नावं मागितली, जुन्या पाचांचीही. तो आवाज बदलून म्हणाला, “सर, मेरा नाम खराब मत करो.” आणि फोन ठेवला.

गुरुजींनी सगळं ऐकलं होतं. पहिल्या पाचांपैकी एक आमगावात आहे, एवढं मला आठवत होतं. तिथूनच सांगायला सुरुवात कर, ते म्हणाले. कुत्रा ते परत देणार नव्हते. त्याला गोंदियाला न्यायचं, तोवर आवारातच फिरवायचं, असं ठरलं. रस्त्यावर न्यायचं नाही, हे त्यांनी स्वतःच म्हटलं, आणि म्हटल्यावर काठी शोधू लागले. बाजाराचा दिवस होता, घरात भाजी नव्हती.

मी आणून देतो म्हटलं, ते मानले नाहीत. फाटक लावून घेतलं. आतून कुत्रा फटीला नाक लावून उभा होता. गुरुजींनी माझा दंड धरला आणि आम्ही निघालो. ते काठी टाकत होते, पण वजन माझ्यावर देत नव्हते. बोट टेकवल्यासारखे नुसते धरून चालले होते.

मोठ्या रस्त्याशी मी थांबलो.

“काऊन थांबला?” त्यांनी विचारलं.

“ट्रक येऊन राहिला, गुरुजी.”

त्यांनी माझा दंड सोडला आणि मान त्या बाजूला वळवली. ट्रक अजून लांब होता. त्याचा आवाज त्यांच्या स्वतःच्या कानावर येईपर्यंत ते तसेच उभे राहिले.