मधल्या टाकीची शिडी

मास्तरांच्या घरी भिंतीवर एक घड्याळ होतं. त्याखालच्या पितळी पट्टीवर कोरलं होतं : 'बिनचूक हातास, कारखान्याकडून सप्रेम.' घड्याळ रोज सात मिनिटं मागे पडायचं, पण ती चूक घड्याळाची होती, हाताची नव्हे.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दूध साठवायच्या तीन मजली उंच स्टीलच्या टाक्या जोडण्यात त्यांनी चौतीस वर्षं घालवली होती. त्यांनी केलेल्या वेल्डिंगवरून डोळे मिटून बोट फिरवलं तर सांधा कुठे आहे ते कळायचं नाही. गल्ली त्यांना समोर 'मास्तर' म्हणायची आणि पाठीमागे 'बिनचूक'. त्यांना दोन्ही ऐकू यायचं आणि दोन्ही आवडायचं.

अशा माणसाशी संसार करायला मोठं काळीज लागतं. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोने एकदा भाजीत दोनदा मीठ घातलं होतं. ती भाजी त्याच दिवशी संपली, पण ते मीठ काही संपेना. मुलीचं लग्न ठरलं तेव्हासुद्धा मास्तर व्याह्यांना म्हणाले होते, "आमची ही स्वयंपाक झकास करते. फक्त मिठाकडे जरा लक्ष ठेवावं लागतं."

दोन वर्षांपूर्वी देशाचं शेजारच्या देशाशी युद्ध झालं. 'त्यांच्याकडे विषारी वायूचा साठा आहे, आमच्या हेर खात्याकडे त्याचा फोटो आहे,' असं सरकारने सांगितलं. फोटो गुप्त असल्यामुळे लोकांनी तो न बघताच विश्वास ठेवला. युद्ध तीन आठवडे चाललं. मग तिकडचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, पण वायूचा एक फुगासुद्धा सापडला नाही. दोन्हीकडे माणसं मात्र गेली होती, आणि त्यांच्या घरचे लोक विचारू लागले की कशासाठी? शेवटी चौकशी आयोग बसला. सुनावणी रेडिओवरून ऐकवू लागले आणि सगळा देश वाद घालू लागला.

गल्लीतला वाद केशकर्तनालयात चालायचा. न्हावी सरकारच्या बाजूचा आणि बाकावरचा शिंपी विरोधातला. बाकावर बसलेली माणसं तावातावाने बोलायची आणि खुर्चीत आली की एकदम सरकारच्या बाजूची व्हायची. गळ्यावर वस्तरा असताना विरोधी मत मांडणारा गल्लीत अजून जन्मला नव्हता.

त्या दिवशी मास्तरांची अर्धी दाढी झाली होती. शिंप्याने वर्तमानपत्र उघडलं.

"घ्या! आयोगाने शेवटी तो फोटो छापायला लावला!"

"बघू दे सगळ्यांना," न्हावी म्हणाला. "टाक्या आहेत ना? मग?"

"अरे, टाक्या माझ्या घराच्या गच्चीवरही आहेत. माझ्यावर विमानं पाठवशील का?"

"तुझ्या टाकीला गुप्त वाट आहे का? वाच की खाली काय लिहिलंय ते."

शिंप्याने वाचलं : 'तीनपैकी मधल्याच टाकीची शिडी मागच्या बाजूस, फाटकावरून दिसणार नाही अशी बसवलेली आहे. यावरून त्या टाकीत विषारी वायू असल्याचे सिद्ध होते.'

मास्तरांनी मान वळवली. न्हाव्याने वस्तरा वेळेवर मागे घेतला म्हणून हे चरित्र पुढे लिहिता आलं.

फोटो मागून, उंचावरून घेतलेला होता. तीन टाक्या. कडेच्या दोघींची पाठ कोरी आणि मधलीच्या पाठीवर शिडी. मास्तरांनी ती शिडी ओळखली. चौतीस वर्षांत त्यांनी बसवलेली तेवढी एकच शिडी उलटी होती.

गळ्यातला टॉवेल आणि अर्ध्या गालावरचा फेस घेऊन ते घरी आले.

"अहो, हे काय? न्हाव्याशी भांडलात?"

"उरलेली उद्या करणार आहे."

"दाढी कधीपासून हप्त्याहप्त्याने करायला लागलात?"

मास्तर घड्याळाकडे पाठ करून बसले.

त्याचं असं झालं होतं. वीस वर्षांपूर्वी सीमेपलीकडच्या एका डेअरीत टाक्या बसवायचं काम होतं. टाकी आधी जमिनीवर आडवी ठेवतात, शिडी कुठे लावायची ती खूण खडूने करतात, शिडी जोडतात आणि मग क्रेनने टाकी उभी करतात. दोन टाक्या झाल्या. तिसरी मधली. भर दुपार, मास्तरांचं जेवण झालेलं, ऊन रणरणत होतं. मास्तर टाकीच्या सावलीच्या बाजूला टेकून बसले होते आणि बसल्या जागेवरूनच हात वर करून त्यांनी खडूची फुली मारली. खूण करायची होती ती उन्हाच्या बाजूला. टाकी उभी राहिली, क्रेन निघून गेली, आणि शिडी मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली दिसली, रुसलेल्या पाहुण्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध यायचं होतं.

डेअरीचा मॅनेजर पोट धरून हसला होता. "मास्तर, राहू दे. दूध काही शिडी चढून जात नाही. आणि कुणाला सांगणार नाही, शब्द देतो."

त्याने शब्द पाळला. फक्त दर नव्या वर्षाला तो एक कार्ड पाठवायचा. त्यावर तीन टाक्यांचं चित्र, मधलीची शिडी मागे, आणि खाली एकच ओळ : 'अजून तशीच आहे!' अशी अठरा कार्डं मास्तरांनी पत्र्याच्या पेटीत, सगळ्यात तळाशी, जुन्या मफलरखाली दडवली होती. गेली दोन वर्षं कार्ड आलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस घरात रेडिओ चालू होता. हेर खात्याचे एक तज्ज्ञ साक्ष देत होते. त्यांच्या मते माहिती बरोबर होती, निष्कर्ष बरोबर होता, फक्त वस्तुस्थिती थोडी वेगळी निघाली. शिडीबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, "कोणताही शहाणा कारागीर विनाकारण अशी शिडी लावणार नाही."

हा आपला गौरव आहे की अपमान, हे मास्तरांना ठरवता येईना.

चौथ्या दिवशी बायकोने ताट समोर ठेवलं आणि कमरेवर हात ठेवले.

"काय झालंय ते सांगा. आज भाजीत मीठच घातलेलं नाही. मुद्दाम. तुम्ही अर्धी वाटी खाल्लीत आणि चकार शब्द काढला नाहीत."

मास्तरांनी पेटी उघडली, मफलर बाजूला केला आणि कार्डं तिच्यापुढे ठेवली. सगळं सांगितलं. सावली, फुली, क्रेन.

बायकोने एकेक कार्ड उलटून बघितलं. मग तिने पदर तोंडाला लावला. मग ती खुर्चीत बसली आणि इतकी हसली की शेजारीण भिंतीपलीकडून विचारू लागली, "काय हो, काय झालं?"

"बावीस वर्षं!" ती डोळे पुसत म्हणाली. "बावीस वर्षं माझं मीठ काढताय, आणि स्वतः वीस वर्षं हे मफलरखाली दडवून बसलाय!"

"उद्या साक्ष दिली तर सगळ्या देशाला कळेल गं. कारखान्यातली पोरं काय म्हणतील? न्हावी काय म्हणेल? ते घड्याळ..."

"आणि हे मॅनेजर?" तिने शेवटचं कार्ड उचललं. "यांचं काय झालं?"

मास्तरांनी कार्डावरच्या वर्षावर बोट ठेवलं : युद्धाआधीचं. ती हसायची थांबली.

"सदऱ्याला इस्त्री करून ठेवते," ती म्हणाली. "आणि आधी ती दाढी पुरी करा."

आयोगाचं सभागृह भरलेलं होतं. अध्यक्षा म्हणजे चष्मा नाकाच्या टोकावर ठेवणाऱ्या एक निवृत्त न्यायाधीश. मास्तरांनी कार्डं टेबलावर मांडली, खिशातून खडू काढला आणि फळ्यावर आडवी टाकी काढून दाखवली. सूर्य कुठे, आपण कुठे, डबा कुठे, सगळं.

"म्हणजे या शिडीमागे काही गुप्त हेतू नव्हता?" अध्यक्षांनी विचारलं.

"हेतू होता, बाई. ऊन लागू नये हा."

सभागृह हसलं. तज्ज्ञ मात्र उठले. "फोटोवरून हे कळणं शक्य नव्हतं."

"खरं आहे साहेब. फोटोला दुधाचा वास येत नाही. पण ती टाकी कुणी बसवली, एवढं विचारलं असतंत तर कळलं असतं. मी याच देशात राहतो. बस थेट येते."

अध्यक्षांनी चष्मा वर सरकवला. "एकूण, शिडी उलटी लागली ती चूक कोणाची?"

"माझी."

टंकलेखिकेची बोटं थबकली. अकरा दिवसांच्या सुनावणीत हा शब्द तिने एकदाही टाइप केला नव्हता.

"जरा पुन्हा सांगता का?" ती म्हणाली.

"माझी! चूक माझी!" मास्तर मोठ्याने म्हणाले, आणि वीस वर्षांचं ओझं उतरल्यासारखे खाली बसले.

मास्तर परतल्यावर न्हाव्याने वस्तरा बाजूला ठेवला, मग तोंड उघडलं. हे दुकानात पहिल्यांदाच घडत होतं. "मास्तर, माझं चुकलं. तो फोटो बघून मला वायूच दिसला होता." शिंप्याने घाईघाईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल काढला. कारखान्यातली पोरं घरी आली ती पेढे घेऊन. मास्तर चुकू शकतात, या बातमीने त्यांच्या डोक्यावरचा मोठा भार उतरला होता.

आणि दीड महिन्याने कार्ड आलं. नेहमीपेक्षा मोठं, अक्षर जरा थरथरलेलं. मॅनेजरने रेडिओवर मास्तरांचा आवाज ऐकला होता. युद्धाच्या पहिल्याच दिवशी बाँब पडले, टाक्या गेल्या, पाळीवरचे दोन कामगारही गेले. तो स्वतः काठी घेऊन चालतो. डेअरी पुन्हा उभी राहते आहे. खाली लिहिलं होतं : 'शब्द मी मोडला नाही, तुम्हीच मोडलात. आता शिक्षा म्हणून टाक्या बसवायला या. मधल्या टाकीची शिडी मागेच लावा. ते दोघं तिकडूनच चढायचे.'

मास्तरांनी कार्ड दोनदा वाचलं आणि ते मफलरखाली न ठेवता घड्याळाच्या पितळी पट्टीवर टेकवून ठेवलं. 'बिनचूक' हा शब्द त्यामागे झाकला गेला. मग ते अंगणात गेले, जुना पिंप आडवा केला आणि खडू घेऊन उलट्या शिडीचं माप घेऊ लागले. तीनदा मोजलं. आयुष्यात कुठलीही सरळ शिडी त्यांनी इतकी जपून मोजली नव्हती.

"अहो, ऊन केवढं आहे!" बायको दारातून ओरडली. "सावलीत बसून करा की!"

"नको!" मास्तर कपाळ पुसत म्हणाले. "इथेच बरा आहे."