दोन घंटा आणि अंबाडीचा पीळ

ये, अशी जवळ बस. चौकटीत उभी राहून कोणी आजीशी बोलतं का? आणि आल्या आल्या सासूच्या कागाळ्या! थांब, आधी आमच्या तारेचं ऐक.

मी अकोल्याजवळच्या खेड्यात नवी सून. कुठल्याशा दूर मुलखात लढाई पेटली आणि आमच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. त्यातच अकोल्याला निरोप धाडायची तार आली, खांबाखांबांवरून. मामंजी, म्हणजे माझे सासरे, ती पाहून आले नि म्हणाले, "आपल्याले बी तार पाह्यजे." मग घरापासून नाल्यापलीकडच्या वावरापर्यंत, म्हणजे शेतापर्यंत, खुंट्याखुंट्यांवरून अंबाडीची दोरी गेली, टोकाला बैलाची घंटा. घरून ओढली की वावरात वाजायची. अर्थ एकच: पाहुणे आले, घरी या.

धाकट्या सासऱ्यांचं वावर लागूनच. भावाभावांत दुजाभाव नको, म्हणून त्यांचीही दोरी त्याच खुंट्यांवरून नेली. तीच अंबाडी, तेच दोन पेड, तितकाच पीळ. त्यांच्या घंटेचा अर्थ: म्हैस व्यायला लागली.

आता सारख्या पिळाच्या दोन दोऱ्या शेजारी ताणल्या, की एकीचे उंचवटे दुसरीच्या खाचांत जाऊन बसतात. एक ओढा, दोन्ही घंटा वाजतात. मामंजी म्हणायचे, "वाजते ते धाकल्याची. आपली नुसती तिच्या नादी लागते."

दिवाळीच्या तोंडावर माझे वडील अमरावतीहून मला न्यायला आले. कापूस पोचवून परतणाऱ्या गाडीवानासोबत उन्हं कलायच्या आत निघायचं होतं. लग्न झाल्यापासून आईचं तोंड पाहिलं नव्हतं गं मी! पण सासऱ्यांच्या तोंडून 'जा' आल्याशिवाय उंबरा कसा ओलांडणार?

दोरी ओढली. धापा टाकत आले ते धाकटे सासरे, काखेत गवताचा भारा.

"कुठं हाय पारडू?" त्यांनी माझ्या वडलांनाच विचारलं. वडलांनी आपले हात जोडले.

सासूबाई म्हणाल्या, "भाऊजी, तेवढं त्याईले घरी धाडा."

"मी सांगतलं तं त्याईची तार बिघडली असं होईन, वैनी. दादाच्या तारेचा अपमान माह्याच्यानं नाही होनार." गेले परत.

"मीच जाऊन येतो," वडील उठले.

"बसा इवाई!" सासूबाईंनी व्याह्यांना अडवलं. "घरात तार असताना पावन्यानं पायी जायचं? लोक हासतीन आमाले."

रडू आवरत मी खाली पाहिलं. सासूबाई दिवाळीच्या वाती सोडवत होत्या. "पाह्य वो," त्या करवादल्या, "सारख्या पिळाच्या एका डब्यात ठेवल्या की अशा गुततेत. एक घट्ट वळाव, एक ढिली."

बोलता बोलता त्या थांबल्या. आम्ही दोघींनी दोरीकडं पाहिलं.

मी आमच्या दोरीचं टोक सोडलं नि हात लाल होईस्तोवर पीळ देत राहिले. दोऱ्या खाचांतून टुणकन सुटल्या. ओढली, तर पलीकडून एकच घंटा! मामंजी आले.

"जा माय," म्हणाले, पण डोळे दोरीवर. "आमचा पीळ धाकल्याहून जास्त? त्याले काय वाटंन?"

आमची गाडी वेशीबाहेर पडली तोवर त्यांनी धाकट्याच्या दोरीलाही तेवढाच पीळ दिला होता. मागून दोन्ही घंटा वाजल्या.

तर बाई, तुझा पीळ तुझ्यापाशी, सासूचा सासूपाशी. तिच्यासारखी व्हायला जाऊ नको, तिला तुझ्यासारखी करू नको. आणि आमची म्हैस गाभण आहे, चिकाच्या वड्या करीन. घंटेची वाट पाहू नको, लवकर ये.