सहा मोजल्या, होत्या पाच

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, पण हे एक काही केल्या विसरत नाही. खून-दरोड्याचं नव्हे. भिवंडीतल्या एका शाळेच्या मैदानावर मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना झाला आणि त्यातून एका पंचाची नोकरी जायची वेळ आली. ती घालवायला मीही हातभार लावत होतो, हे आधीच कबूल केलेलं बरं.

शनिवारी दुपारी सामना संपला. वज्रेश्वरीकडच्या एका गावच्या शाळेने शहरातल्या शाळेला एका गुणाने हरवलं. लगेच गोंधळ उडाला, दगड पडले, गावच्या मुलींच्या बसची काच फुटली. आम्ही गुन्हा दाखल केला, चौघांना ताब्यात घेतलं. तेवढं काम सरळ होतं.

सोमवारी सकाळी हरलेल्या शाळेच्या संस्थेतले एक सभासद ठाण्यात आले. दापोड्याला त्यांची गोदामं. अर्ज टाइप करूनच आणला होता.

"साहेब, मॅच फिक्स हाय. पंच त्यांना मिळालाय. हा व्हिडिओ बघा न् तुमीच सांगा."

मोबाईलवर गावच्या संघाची शेवटची चढाई होती. कबड्डीत समोर सहा किंवा जास्त खेळाडू असतील तरच बोनस रेषेचा गुण मिळतो. व्हिडिओत समोर पाचच मुली दिसत होत्या. तरीही पंचाने बोनस दिला होता आणि त्याच गुणावर सामना फिरला होता.

हे पंच म्हणजे तिसऱ्याच एका शाळेतले क्रीडाशिक्षक, पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्या संस्थेने आम्हाला स्पष्ट कळवलं होतं की पोलिसांचं पत्र आलं की सर निलंबित. म्हणजे त्या माणसाची भाकरी माझ्या एका कागदावर येऊन थांबली होती.

संध्याकाळपर्यंत खबरही मिळाली. एसटी स्टँडवरचा एक रिक्षावाला आमचा जुना खबऱ्या. म्हणाला, "साब, वो सीटी बजानेवाला मास्टर शुक्रवारी वज्रेश्वरीला कुंडावर होता. मी भाडं घेऊन गेलो होतो ना. जीतनेवाली टीम का कोच बाजूला, दोघं पाण्यात पाय टाकून हसत होते. मैंने खुद देखा." मला आणखी काय पाहिजे होतं? माझ्या डोक्यात प्रकरण तिथेच निकाली निघालं.

मंगळवारी सरांना बोलावलं आणि मुद्दाम दोन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. ही आमची जुनी रीत. बसून बसून माणूस आतून ढिला पडतो. सरांनी ठाणे अंमलदाराकडून वर्तमानपत्र मागून घेतलं आणि निवांत वाचत बसले. त्याने माझंच डोकं तापलं.

"शुक्रवारी वज्रेश्वरीला होतात?"

"होतो. गुडघे दुखतात. गरम पाण्यात शेकायला जातो."

"तिथे कोच भेटले?"

"भेटले."

"काय ठरलं दोघांचं?"

"त्याविषयी ज्यांना द्यायचं त्यांना लिहून दिलंय, साहेब."

मी व्हिडिओ त्यांच्यापुढे धरला. "किती मुली दिसतात?"

"पाच."

"मग बोनस कसा दिलात?"

"तेही लिहून दिलंय. पंचाने आपल्या निर्णयाबद्दल मैदानाबाहेर कुणाशी बोलायचं नसतं."

"हे पोलीस ठाणं आहे, तुमची टीचर्स रूम नाही," म्हणत मी टेबलावर हात आपटला. तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर. शेवटी मी चौकशीच्या कागदावर शेरा मारला, 'उडवाउडवीची उत्तरे देतो.' आणि त्यांच्या संस्थेला जाणाऱ्या पत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली.

मजकूर उतरवून घेणाऱ्या हवालदारांनी पेन खाली ठेवलं. तरुणपणी पोलीस संघातून कबड्डी खेळलेला गडी. "साहेब, रागावू नका, पण सर उडवत नाहीत. सामना संपला की पंच आयोजकांना अहवाल देतो. आपण तो मागितलाच नाही."

खरंच मागितला नव्हता. खबर घेतली, व्हिडिओ पाहिला, आरडाओरडा केला आणि कागद मागायचं राहूनच गेलं. अक्कल गहाण ठेवली होती म्हणा ना.

आम्ही दोघं तडक स्पर्धेच्या कचेरीत गेलो. तिथले सचिव आधी म्हणाले, असा काही अहवाल आलाच नाही. हवालदारांनी कपाट उघडायला लावलं. प्रथमोपचाराच्या पेटीखाली फाइल, फाइलमध्ये दोन कागद, दोन्हींवर सचिवांची पोच. पहिला सामन्याआधी दिलेला: 'काल वज्रेश्वरी येथे एका संघाच्या प्रशिक्षकांची अचानक गाठ पडली. सामन्याविषयी बोलणे झाले नाही. तरी हरकत असल्यास मला या सामन्यावरून बदलावे.' दुसरा, सामना संपल्यावर गुणपत्रिकेवर सही करताना चूक ध्यानात आली तेव्हाचा, दगड पडायच्या आधीचा: 'बाद झालेली खेळाडू मैदानाबाहेर पडत असताना मी तिलाही जमेस धरून मोजले. सहा मोजल्या, होत्या पाच. बोनस चुकीचा दिला. चूक माझी आहे.'

सचिवांनी मग खरं सांगितलं. चूक मान्य केली तर सामना पुन्हा घ्यावा लागणार, आणि मैदान तर रविवारपासून लग्नाच्या मांडवाला दिलेलं. म्हणून त्यांनी कागद दाबला. पुढे दगडफेक झाली आणि तो बाहेर काढायची त्यांची छातीच झाली नाही.

परत आलो तेव्हा सर अजून ठाण्यातच बसले होते. मी म्हणालो, "सर, चुकलं माझं."

"मग तेवढं लिहून टाका, साहेब," ते म्हणाले. आवाजात टोमणा नव्हता. शिक्षक वहीतली चूक दाखवतो तसं सांगितलं.

मी स्टेशन डायरी ओढली आणि लिहिलं की तो शेरा अहवाल न मागता, घाईने मारला होता. लिहायला जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. पण लिहिल्यावर बरंही वाटलं. सरांच्या संस्थेला पत्र गेलं की गैरप्रकार आढळला नाही, आणि त्यांची नोकरी शाबूत राहिली. दापोड्याच्या गृहस्थांनी अर्ज मागे घेतला.

पुढे निवृत्त होईपर्यंत 'लिहून दिलंय' म्हणणाऱ्या माणसाचा कागद मी आधी मागवला, मग तोंड उघडलं. त्यामुळे निदान दोन निरपराध माणसं माझ्या तावडीतून सुटली, हे मला पक्कं ठाऊक आहे. वरिष्ठासमोर पेन खाली ठेवणारा तो हवालदार आणि ते सर, दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

पंधरा दिवसांनी सामना पुन्हा झाला. बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. सरांना पंच म्हणून घेतलेलं नव्हतं, ते प्रेक्षकांत बसले होते. गावच्या मुली जीव तोडून खेळल्या आणि सात गुणांनी हरल्या. त्यांची कर्णधार मातीने माखलेली, रडून डोळे लाल. ती सरळ सरांकडे आली. आता ही काय बोलते म्हणून मी दोन पावलं पुढे सरकलो.

"सर," ती म्हणाली, "पुढल्या साली आमच्या मॅचला तुमीच या. दुसरा कोन नको आमाला."

सरांनी मान डोलावली. त्यांच्या एका कागदामुळे त्या पोरींनी जिंकलेला कप गेला होता, आणि त्या त्यांनाच मागत होत्या. माझे कागद उभ्या नोकरीत किती जणांच्या विरोधात गेले असतील. पुढच्या वेळी साहेब तुम्हीच या, असं त्यातला एकही मला म्हणालेला नाही.