हललात तुम्ही

त्यांना सगळे पडदेवाले म्हणायचे. नवख्या माणसाला वाटायचं, खिडक्यांचे पडदे शिवत असतील, आणि खरोखरच एक बाई मापं घेऊन दारात उभी राहिली होती. पण पडदेवाल्यांचा पडदा एकच. काळा, जाड, कडेला विरलेला. तो डोक्यावरून घेऊन ते आपल्या जुन्या कॅमेऱ्याच्या मागे शिरायचे आणि मग बराच वेळ फक्त त्यांची पाठ दिसायची. कॅमेरा म्हणजे तिवईवर ठेवलेली लाकडी पेटी. पुढच्या पाटीत भिंग, मध्ये भाता, मागे दुधी काच. त्या काचेवर समोरचा माणूस उलटा दिसतो, डोकं खाली नि पाय वर. जग नीट बघायचं तर आधी उलटं बघावं लागतं, असं ते ऐटीत सांगायचे. त्यांची बायको म्हणायची, म्हणूनच घरातलं सरळ काही ह्यांना दिसत नाही.

आयुष्यभर त्यांनी ओळखपत्रांचे फोटो काढले. निळी भिंत, स्टूल, मान सरळ, झालं. ते दुकान मुलाच्या ताब्यात दिल्यावर त्यांनी हा लाकडी डबा माळ्यावरून खाली काढला आणि म्हातारपणी नवीन खूळ घेतलं. माणसाचा फोटो काढायचा तो त्याच्या कामाच्या जागी, त्याच्या हत्यारांसकट, काळापांढरा. लेथवाला लेथपाशी, धोबी इस्त्रीपाशी, टपाल कचेरीतला कारकून त्याच्या शिक्क्यांपाशी. एका माणसाला फिल्मचा एकच मोठा तुकडा. दुसरा खर्च करायचा नाही, हा त्यांचा बाणा. लोकांना भारी वाटायचं. मोबाइलवर रोज शंभर फोटो निघणाऱ्या माणसासाठी कोणीतरी अर्धा दिवस खपतंय, म्हणजे आपल्यात काहीतरी असणार, असं ज्याला त्याला वाटायचं.

आता एकच तुकडा म्हटला की तो कधीतरी बिघडणारच. त्यावर पडदेवाल्यांकडे एक रामबाण वाक्य होतं. फोटो हातात देताना जिथे काही पुसट, अस्पष्ट आलेलं असेल तिथे बोट ठेवून ते म्हणायचे, "इथे जरा हललात तुम्ही." कधी ते खरं असायचं. सेकंदभर भिंग उघडं राहतं, तेवढ्यात माणूस श्वास घेतो, मान वळवतो. पण बऱ्याचदा चूक यांची असायची. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. माणसं बिचारी ओशाळायची. लेथवाला तर माफी मागून गेला होता. पडदेवालेही मोठ्या मनानं म्हणाले होते, असू दे, होतं असं. घरात या वाक्याची थट्टा व्हायची. दूध उतू गेलं की बायको म्हणायची, मी नाही हो, दूधच हललं. पडदेवाले हसायचे. वाक्य मात्र त्यांनी टाकलं नाही.

गल्लीच्या टोकाला एका डॉक्टरचा दवाखाना होता आणि तिथे सिस्टरबाई होत्या. डॉक्टर दोन बदलले, सिस्टरबाई त्याच. त्यांचा हात इतका हलका की सुई टोचली की नाही हे बघायला माणूस मान वळवायचा, तोवर त्या कापूस लावून मोकळ्या. लहान मुलं दुसऱ्या दवाखान्यात भोकाड पसरायची आणि इथे गप्प बसायची. लांबलांबच्या बाया लेकरांना घेऊन यायच्या त्या डॉक्टरसाठी नव्हे, हे डॉक्टरलाही ठाऊक होतं. लग्न केलं नाही, घरी कोणी नाही, सणावाराला कोणाकडे जाणं नाही. बाईंकडे जे होतं ते त्या हातात होतं.

अशा बाईंचा फोटो काढायचा तर हातासकटच काढायला हवा, हे पडदेवाल्यांना सुचलं, आणि ते बरोबरच होतं. एका दुपारी दवाखाना रिकामा असताना त्यांनी तिवई मांडली. पुढे पांढऱ्या मुलाम्याचं टेबल, त्यावर कापसाची बरणी, स्पिरिटची बाटली, स्टीलचा ट्रे. टेबलाच्या पलीकडे सिस्टरबाई, हात पुढे केलेला, बोटांत सुई. मागे खिडकी आणि डोळे तपासायचा तक्ता. टेबलापासून बाईंपर्यंत सगळं स्वच्छ यावं म्हणून पडदेवाल्यांनी भिंगाची पाटी थोडी पुढे झुकवली. हे या कॅमेऱ्याचं खास कसब. पाटी बरोबर झुकली तर जवळचं नि लांबचं दोन्ही रेखीव येतं. झुकवून झालं की बाजूचा स्क्रू आवळायचा. तेवढ्यात सिस्टरबाईंनी विचारलं, पदर नीट आहे का. ते पडद्यातून बाहेर आले, पदर बघितला, फिल्मची चौकट बसवली, आणि भिंग उघडलं. स्क्रू राहिला. पाटी हळूच मागे कलली. बाई मात्र दगडासारख्या स्थिर होत्या.

फोटो अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली वर आला तेव्हा चेहरा असा आला होता की पडदेवाल्यांनी स्वतःशीच वाहवा म्हटलं. मग नजर खाली गेली. हात पुसट. हाताशेजारची बाटली पुसट, बरणी पुसट, ट्रेची कड पुसट. स्क्रू, असा शब्द त्यांच्या मनात आला. तो त्यांनी पुरता येऊच दिला नाही. दिवा मालवला आणि फोटो वाळत घातला.

फोटो द्यायला गेले तेव्हा दवाखान्यात बाकांवर माणसं होती. सगळी वाकून बघायला लागली. चेहऱ्याचं कौतुक झालं. मग एका बाईनं हाताकडे बोट केलं आणि हे असं का, म्हणून विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तशातलं झालं.

"हललात तुम्ही जरा," पडदेवाले सिस्टरबाईंना म्हणाले. "हात थरथरला असेल. वयच आहे आता आपलं."

सिस्टरबाईंनी फोटो जवळ नेऊन बघितला. मला तर काही कळलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरलेला पडदेवाल्यांना दिसला. पण कोणी ओशाळलं की आपली चूक झाकली जाते, हा त्यांचा जुना अनुभव होता. ते चहा पिऊन घरी आले.

नंतर बरेच दिवस ते तिकडे फिरकले नाहीत. नवरा-बायको दोघांनाही डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं लिहून दिली होती, आठवड्याला एक. बायको नेमानं जायची, हे चुकवायचे. एकदा बायको घरी आली ती दंड चोळतच. डॉक्टरनं स्वतः सुई दिली होती आणि दंडावर लिंबाएवढी गाठ आली होती.

"सिस्टरबाई नव्हत्या का?" पडदेवाल्यांनी विचारलं.

होत्या, बायको म्हणाली. केसपेपर लिहीत बसल्या होत्या. त्या आता सुई हातात घेत नाहीत. कोणी काढून घेतली नाही, स्वतःच डॉक्टरकडे गेल्या आणि म्हणाल्या की माझा हात थरथरतो, मला कळतही नाही, फोटोत आलंय, मला आता लेकरांना टोचायचा अधिकार नाही. त्यांच्या आईचे हात म्हातारपणी असेच थरथरायचे म्हणे. डॉक्टरनं समजावलं तर त्यांनी तो फोटोच पुढे ठेवला.

पडदेवाल्यांच्या हातातला घास हातातच राहिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते लोक स्वतःहून करतात. इथे बाईंनी हात दाखवला होता तो यांनी सांगितलं म्हणून, आणि अवलक्षण यांनी चिकटवलं होतं.

प्रत्येक फोटोची एक प्रत ते घरी ठेवायचे. बायकोला तो फोटो बघायचा होता. ते म्हणाले, कुठे ठेवलाय कोण जाणे. तिनं तो टिपकागदांच्या गठ्ठ्यातून बरोबर शोधून काढला, चष्मा लावला आणि खिडकीपाशी नेला. मग तिनं फोटो त्यांच्यापुढे धरला.

"अहो, ही बाटलीपण हलली का?"

बाटली कुठे हलते? ट्रे कुठे हलतो? ज्याला डोळे आहेत त्याला दिसावं असं ते होतं, पण दवाखान्यात एकानंही बाटलीकडे बघितलं नव्हतं. सगळ्यांनी हाताकडे बघितलं, कारण पडदेवाल्यांनी दोष हाताला दिला होता. बायको थट्टा करेल म्हणून ते वाट बघत राहिले. तिनं केली नाही. फोटो उपडा ठेवला आणि भांडी घासायला गेली. थट्टा केली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे त्यांना या वयात कळलं, आणि तेही स्वतःच्याच स्वयंपाकघरात.

तरी जित्याची खोड. जाऊन सरळ कबूल करावं, एवढं धैर्य त्यांना झालं नाही. त्यांनी एक युक्ती काढली. फोटो पुन्हा काढायचा. यावेळी स्क्रू आवळायचा. हात रेखीव येईल, बाईंची खात्री पटेल, त्या परत सुई धरतील, आणि आपल्याला तोंड उघडायला नको. घरातून निघताना ही युक्ती त्यांना फार शहाणपणाची वाटत होती. खांद्यावर तिवई, हातात पेटी घेऊन ते दवाखान्यात शिरले तेव्हा बाकांवर माणसं होतीच आणि सिस्टरबाई कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी मान खाली घालून लिहीत होत्या. एक पोर डॉक्टरच्या खोलीत जिवाच्या आकांतानं रडत होतं. प्रत्येक किंकाळीसरशी बाईंची लेखणी थांबत होती.

पुन्हा एक फोटो काढूया म्हणतो, पडदेवाल्यांनी सांगितलं. बाईंनी मान वर न करताच नको म्हटलं. जे काम आता आपलं राहिलं नाही ते हातात धरून खोटा फोटो कशाला काढायचा, म्हणाल्या. खोटा हा शब्द त्यांनी सहज वापरला होता. पडदेवाल्यांना तो सहज वाटला नाही.

त्यांनी पेटी खाली ठेवली.

"तुम्ही हलला नव्हतात," ते म्हणाले. "स्क्रू माझा राहिला होता. फोटोतली बाटली बघा, ट्रे बघा. तेही तसेच आलेत."

डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. सिस्टरबाईंनी टेबलाच्या खणातून आपला फोटो काढला आणि पहिल्यांदाच हात सोडून बाकीचा फोटो बघितला.

"तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. अजूनही.

"हो," पडदेवाले म्हणाले.

सिस्टरबाईंनी फोटो टेबलावर ठेवला. बोलले ते डॉक्टर, आणि आनंदानं. मिटलं तर मग, सिस्टर, सुरुवात यांच्यापासूनच करा, यांची इंजेक्शनं केव्हाची राहिलीत. सिस्टरबाई उठल्या. हात धुतले, औषध भरलं, सुई वर धरून हवा काढली. पडदेवाल्यांनी बाही वर केली आणि त्यांना अगदी जवळून दिसलं ते हे, की सुईचं टोक हलत होतं. थोडंसंच, पण हलत होतं. बाईंची नजर दंडावर नव्हती, स्वतःच्या बोटांवर होती. एवढी वर्षं त्यांनी आपल्या हाताकडे कधी बघितलंच नसेल. आता त्यांना त्याच्यावरून नजर काढता येत नव्हती.

सुई आत गेली. पडदेवाल्यांनी दात आवळले.

"दुखलं का?" सिस्टरबाईंनी विचारलं. "आता तरी खरं सांगा."

"दुखलं, बाई."

डॉक्टर घाईघाईनं म्हणाले, सवय मोडलीय, एवढंच, सरावानं जाईल. सिस्टरबाई कापूस दाबून धरत म्हणाल्या, "आणि सराव करू कोणाच्या दंडावर, डॉक्टर? त्या पोरांच्या?"

पडदेवाल्यांना इतक्या लोकांसमोर मान वर करवत नव्हती. त्यांनी मान खाली ठेवूनच दुसऱ्या हाताची बाही वर करायला घेतली. बटण निघेना, ते ओढत राहिले.

"एका दिवशी दोन देत नाहीत," सिस्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात या."

या म्हणाल्या, पण त्यांच्याकडे न बघता, आपल्या बोटांकडे बघत.