चौथी बिजागरी

चूक माझीच. आमच्या शेजारच्या मिस्त्रींच्या सुतारखान्यात त्या पोरीला पहिल्यांदा पाहिलं आणि मला वाटलं, डबा पोचवायला आली असेल. मनगटं अशी, की रंधा तिलाच ओढत न्यायचा. हसले मी, तिच्या तोंडावर. ‘काडी’ हे नावही माझंच बरं का.

काडी काही हसली नाही. तिच्या कानात एकच आवाज बसला होता. ताईनं नवऱ्याच्या भीतीनं आतून कडी लावून घेतली होती. दाजीनं एका लाथेत कडीसकट दार आत घातलं आणि ताईचा हात पिरगाळून कडकन मोडला. कडीचा निखळून पडलेला स्क्रू काडीनं उचलला. नखाएवढा होता. एवढ्याशावर ताईचा जीव सोपवला होता कुणीतरी.

दुसऱ्या दिवशी ती काम शिकायला मिस्त्रींच्या दारात उभी राहिली.

तीन वर्षं हात सोलून घेतले बाईनं. पटाशी अंगठ्यात हाडापर्यंत गेली, तर चिंधी गुंडाळून आधी खाच पुरी केली. सूतभर चुकलेली चौकट स्वतःच घणानं फोडली.

मग ताई तिच्याकडे कायमची राहायला आली आणि काडीनं घराला नवं दार केलं. बोटभर लांब स्क्रू, चार बिजागऱ्या.

“तीन पुरतात गं,” मिस्त्री म्हणाले. “हत्ती अडवायचाय का?”

“हत्ती परवडला, मिस्त्री.”

दाजी भरदुपारी आला, कुऱ्हाड घेऊन. आधी लाथा, मग खांदा, मग घाव. ताई भिंतीला चिकटून बसली होती. काडी दारावर तळवा टेकून उभी. कडी धरतेय, फळ्या धरताहेत. तेवढ्यात वरची बिजागरी किंचाळत निघाली, ढलपी गालात घुसली, आणि फटीतून त्याची बोटं आत आली. काडीनं हातोडा घातला. दोनदा. आवाज ताईच्या हाताचा आला होता तसाच आला.

दार पडलं नाही. बाहेर गल्लीनं त्याला धरलं, आणि पोलीस येईपर्यंत कुणी हात आवरला नाही.

संध्याकाळी मिस्त्री आले. ताईला पाहिलं, काडीच्या गालावरची पट्टी पाहिली, मग दार.

“एक गेली. म्हणजे तिनांवरच तगलं ना? मी काय म्हणत होतो?”

“मुळात तीनच असत्या, तर एक गेल्यावर किती उरल्या असत्या?”

मिस्त्रींनी दाढी खाजवली. मग परत दाराकडे पाहिलं.

“दोन,” ते पुटपुटले.

“मग उद्या येताना एक घेऊन या. चौथी.”