गोठ्यातली मांजर

"त्या मांजरीला आधी बाहेर काढा," बायको असं ओरडली, की चर्चची घंटा म्हणे लाजून दोन दिवस वाजलीच नाही.

नाताळसाठी मांडलेल्या येशूजन्माच्या गोठ्यात, गवतावर, गल्लीतली मांजर व्याली होती. मेंढपाळ आडवे, उंट कोचाखाली आणि बाळ येशूच्या कुशीला पिल्लं.

संस्कार म्हणून आपण दरवर्षी येशूजन्माची तीच गोष्ट इतकी सांगतो, की भिंतींनाही पाठ व्हावी. मुलंही ऐकत असतात, हे मात्र ध्यानात येत नाही.

आमची छोटी रूथ गोठ्यासमोर हात पसरून उभी होती.

"बाजूला हो, रूथ. पाहुणे येतील, जागा नाही."

"येशूच्या वेळी मरियेलाही धर्मशाळेत असंच सांगितलं होतं ना, मम्मी?"

बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "उभे काय राहिलात? बशीत दूध आणा."